विधान आणि आधार : धम्मसाहित्यावरील निबंधात ग्रंथपुराव्याचा उपयोग

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात महाराष्ट्रातील गावोगावच्या विहारांत परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे सामुदायिक वाचन होत असते. पांढरकवडा, वणी, घाटंजी, राळेगाव या आपल्या परिसरातील उपासक-उपासिकांना ही प्रथा चांगली परिचित आहे. ग्रंथाच्या पहिल्या खंडाचे वाचन सुरू झाले की तरुण श्रोत्यांच्या मनात एक प्रश्न हमखास उभा राहतो. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, असे त्यांनी अन्यत्र वाचलेले असते; आणि येथे तर शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे गृहत्यागाचे कारण सांगितलेले असते. यांपैकी ग्राह्य कोणते? त्रिपिटकात याविषयी काय आहे?

हा प्रश्न श्रद्धेचा अवमान करणारा नाही. उलट तो ग्रंथाच्या गंभीर वाचनातूनच निर्माण होतो. परंतु त्याला बहुधा दोन प्रकारची उत्तरे मिळतात. आपल्यापैकी काही जण म्हणतात, बाबासाहेबांनी लिहिले आहे, त्यापुढे शंका कशाला? विरोधक म्हणतात, हा सगळा बाबासाहेबांच्या कल्पनेचा खेळ आहे, प्राचीन ग्रंथांत यातले काहीच नाही. ही दोन्ही उत्तरे परस्परविरोधी भासत असली तरी त्यांच्यात एक दोष समान आहे. दोन्ही पक्षांनी मूळ ग्रंथ उघडून पाहिलेला नसतो.

आपले विद्यार्थी आज मराठी आणि पाली या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेत आहेत, निबंध लिहीत आहेत, चर्चासत्रांतून बोलत आहेत. त्यांच्या लेखनात तळमळ असते, भाषेचे सामर्थ्य असते. परंतु विधान आणि त्याचा आधार यांचा सांधा अनेकदा ढिला राहतो. साहित्यविषयक निबंधात ग्रंथपुरावा कसा शोधावा, कसा पारखावा आणि त्याच्या बळावर किती बोलावे, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी गृहत्यागाचाच प्रश्न उदाहरणादाखल घेतला आहे. येथे मूळ वचने उतरून न देता केवळ त्यांचे स्थान व आशय दिला आहे. वाचकाने ती वचने स्वतः काढून पाहावीत, अशी अपेक्षा आहे. कारण या विषयाचा अभ्यास दुसऱ्याच्या डोळ्यांनी करता येत नाही.

१. विधानांचे तीन प्रकार

एखाद्या ग्रंथाविषयी आपण जे बोलतो, त्यात तीन निरनिराळ्या प्रकारची विधाने असतात. पहिला प्रकार म्हणजे ग्रंथात अमुक लिहिले आहे, हे सांगणारे विधान. त्याची शहानिशा ग्रंथ उघडून होते. दुसरा प्रकार म्हणजे जे लिहिले आहे त्याचा अर्थ अमुक आहे, हे सांगणारे विधान. त्यासाठी शब्दाचा अर्थ, पूर्वापर संदर्भ आणि त्याच ग्रंथातील इतर स्थळे पाहावी लागतात. तिसरा प्रकार म्हणजे जे लिहिले आहे ते खरे आहे किंवा घडलेले आहे, हे सांगणारे विधान. त्यासाठी एका ग्रंथाचे वचन पुरत नाही. ग्रंथाचा काळ, त्याची परंपरा, इतर ग्रंथांची साक्ष आणि विवेकबुद्धी या सर्वांची गरज असते.

निबंधात गोंधळ होतो तो या तीन प्रकारांची सरमिसळ झाल्यामुळे. पहिल्या प्रकारचा पुरावा द्यायचा आणि निष्कर्ष मात्र तिसऱ्या प्रकारचा काढायचा, ही चूक परंपरावादी लेखक करतात तशी आपलेही लेखक करतात. ‘असे अमुक ग्रंथात आहे’ एवढ्यावरून ‘म्हणून असे घडले’ हे सिद्ध होत नाही. तसेच ‘असे घडणे बुद्धीला पटते’ एवढ्यावरून ‘म्हणून असे ग्रंथात आहे’ हेही सिद्ध होत नाही.

२. तथागतांनी दिलेली कसोटी

ग्रंथपुराव्याची शिस्त आपण पाश्चात्त्य विद्यापीठांकडून उसनी घेत आहोत, असे कोणी समजू नये. दीघ निकायातील महापरिनिब्बान सुत्तात भोगनगर येथील आनंद चैत्यात तथागतांनी भिक्खूंना चार महापदेश सांगितले आहेत. एखादा भिक्खू म्हणेल की हे मी प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले. दुसरा म्हणेल की थेर असलेल्या अमुक संघाकडून ऐकले. तिसरा अनेक बहुश्रुत थेरांचे नाव घेईल, चौथा एकाच थेराचे. या चारही प्रसंगी तथागतांचा आदेश एकच आहे. त्या बोलण्याचे लगेच अभिनंदन करू नये आणि लगेच ते धुडकावूनही लावू नये. त्यातील शब्द नीट समजून घ्यावेत, ते सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावेत, आणि जुळले तरच स्वीकारावेत.

या आदेशात दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. सांगणाऱ्याचा अधिकार कितीही मोठा असला तरी तो पुराव्याच्या जागी बसत नाही, ही पहिली. पडताळणी होण्यापूर्वी नकार देणे हेही स्वीकाराइतकेच उतावळेपणाचे आहे, ही दुसरी.

याला पूरक अशी दुसरी शिकवण अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात आहे. केसपुत्त नगरीच्या कालामांना उद्देशून केलेल्या या उपदेशात, केवळ परंपरा आहे म्हणून, केवळ ग्रंथात आहे म्हणून, केवळ तर्काला जुळते म्हणून किंवा केवळ सांगणारा आपला गुरू आहे म्हणून कोणतीही गोष्ट स्वीकारू नये, असे सांगितले आहे. वरवर पाहता महापदेश ग्रंथाशी ताडून पाहण्यास सांगतात आणि कालामांना केलेला उपदेश ग्रंथावर विसंबू नका असे बजावतो. परंतु येथे विसंगती नाही. महापदेशांचा प्रश्न ‘हे बुद्धवचन आहे काय?’ असा आहे; कालामांचा प्रश्न ‘हे आचरणात आणावे काय?’ असा आहे. मागे सांगितलेल्या पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारच्या विधानांतील भेद तो हाच.

३. गृहत्यागाचा प्रश्न : आधारांची पाहणी

आता मूळ उदाहरणाकडे वळू. प्रथम रूढ कथेचा आधार पाहू. सारथ्यासह रथातून जाणाऱ्या राजपुत्राला वृद्ध, रोगी, प्रेत आणि प्रव्रजित दिसतात, ही कथा अश्वघोषाच्या बुद्धचरितात, ललितविस्तरात आणि जातक अट्ठकथेच्या निदानकथेत विस्ताराने येते. हे ग्रंथ तथागतांच्या नंतर कित्येक शतकांनी रचले गेले. दीघ निकायातील महापदान सुत्तातही ही कथा आहे. पण तेथे ती विपस्सी या पूर्वीच्या बुद्धाविषयी सांगितलेली आहे, गोतम बुद्धांविषयी नव्हे.

गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले आणि १९४७ साली आपल्या विदर्भातील सेवाग्राम येथे देह ठेवणारे पाली पंडित धर्मानंद कोसंबी यांनी १९४०-४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध’ या मराठी ग्रंथात या मुद्द्याची चिकित्सा केली आहे. विपस्सीच्या कथेतील प्रसंग पुढे गोतमाच्या चरित्रात घालण्यात आला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यांनी केवळ नकार दिला नाही, तर गोतमाने स्वतःच्या गृहत्यागाविषयी निकायांत काय सांगितले आहे, याचा शोध घेतला. त्या शोधात पुढील स्थळे महत्त्वाची ठरतात.

मज्झिम निकायातील अरियपरियेसन सुत्तात तथागत प्रथमपुरुषी निवेदनात सांगतात की आपण ऐन तारुण्यात, केस काळे असताना, आईवडील अश्रू ढाळीत असता केशवपन करून, काषाय वस्त्रे परिधान करून घराबाहेर पडलो. येथे ना मध्यरात्र आहे, ना कंथक घोडा, ना झोपलेली माणसे. आईवडिलांना न कळता गुपचूप निघून जाण्याच्या कथेशी हे निवेदन जुळत नाही.

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात तथागत आपल्या सुखासीन तारुण्याचे वर्णन करून म्हणतात की, सामान्य माणूस स्वतः जरेच्या, व्याधीच्या, मरणाच्या अधीन असूनही दुसऱ्याची जरा, व्याधी, मरण पाहून किळस करतो; हे आपल्याला शोभणारे नाही, असा विचार मनात येताच आपला तारुण्याचा, आरोग्याचा व जीविताचा मद गळाला.

मज्झिम निकायातील महासच्चक सुत्तात गृहस्थजीवन संकुचित आणि धुळीने भरलेले आहे, तर प्रव्रज्या मोकळ्या आकाशासारखी आहे, असा विचार गृहत्यागाच्या पूर्वी आल्याचे सांगितले आहे.

आणि सुत्तनिपाताच्या अट्ठकवग्गातील अत्तदण्ड सुत्ताच्या आरंभीच्या गाथांत तथागत आपल्या मनात संवेग कसा उत्पन्न झाला ते सांगतात. हाती शस्त्र घेतल्याने भय उत्पन्न झाले. थोड्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांप्रमाणे माणसे परस्परांशी झगडताना दिसली आणि ते पाहून मनात भय शिरले, असा त्यांचा आशय आहे. अट्ठकवग्गाचा उल्लेख उदान या ग्रंथात नावानिशी येतो आणि त्यावरील महानिद्देस हे भाष्य प्रत्यक्ष त्रिपिटकातच समाविष्ट आहे. यावरून अट्ठकवग्गाचे प्राचीनत्व दिसते आणि म्हणून या गाथांचे पुरावा म्हणून वजन मोठे आहे.

४. आधार आणि विधान यांतील अंतर

इतकी सामग्री हाती आल्यावर उत्साही लेखक लिहून टाकतो, ‘रोहिणीच्या पाण्यावरून झालेल्या युद्धप्रसंगामुळे सिद्धार्थाने गृहत्याग केला, असे सुत्तनिपातात स्पष्ट सांगितले आहे.’ हे विधान बरोबर आहे काय? नाही. अत्तदण्ड सुत्तात शस्त्र आहे, कलह आहे, भय आहे, संवेग आहे. परंतु शाक्य, कोलिय किंवा रोहिणी यांचे नाव त्या गाथांत नाही. रोहिणीच्या पाण्याचा तंटा अट्ठकथांत येतो. धम्मपद अट्ठकथेत आणि कुणाल जातकाच्या कथेत त्याचे वर्णन आहे. तेथे मात्र तो प्रसंग संबोधीनंतरचा आहे. तथागत स्वतः दोन्ही सैन्यांच्या मध्ये जाऊन, पाणी अधिक मोलाचे की माणसांचे रक्त, असा प्रश्न विचारून तो तंटा मिटवतात.

म्हणजे आपल्या हाती असलेल्या आधारांची उतरंड अशी आहे. सर्वांत जुन्या थरात संवेगाचे प्रथमपुरुषी कथन आहे, त्यात स्थळ व नावे नाहीत. नंतरच्या थरात स्थळ व नावे आहेत, परंतु काळ निराळा आहे. या दोहोंना जोडणारा दुवा अनुमानाचा आहे. ते अनुमान निराधार नाही. ‘मला भय वाटले’ हे कथन संबुद्धाच्या त्या वेळच्या अवस्थेचे असू शकत नाही. ते बोधिसत्त्वावस्थेतील अनुभवाची आठवण असली पाहिजे. शेजारी राहणाऱ्या, एकाच नदीवर शेती करणाऱ्या दोन कुळांतील पाण्याचा तंटा एकदाच उद्भवला असेल, असेही नाही. तेव्हा शस्त्रकलहाचा अनुभव गृहत्यागामागील एक कारण होता, हे विधान गाथांच्या आधारावर ठामपणे करता येते. तो कलह रोहिणीच्या पाण्याचा होता, हे विधान ‘संभाव्य आहे’ अशा शब्दांत करावे लागते.

आता विरुद्ध बाजूचा पुरावाही पाहिला पाहिजे. ‘चार निमित्तांची कथा गोतम बुद्धांविषयी त्रिपिटकात कोठेच नाही’ असे आपले काही लेखक लिहितात. हेही विधान टिकत नाही. खुद्दक निकायातील बुद्धवंस या ग्रंथात गोतम बुद्धांच्या तोंडी चार निमित्ते पाहून घोड्यावरून निघाल्याचा उल्लेख आहे. बुद्धवंस हा त्रिपिटकातील उत्तरकालीन थराचा ग्रंथ मानला जातो, हे खरे. परंतु तो त्रिपिटकात आहे, हेही तितकेच खरे. प्रतिपक्षाने हे एक स्थळ दाखविले की ‘कोठेच नाही’ म्हणणाऱ्याचा संपूर्ण निबंध कोसळतो. त्याऐवजी ‘दीघ, मज्झिम, संयुत्त व अंगुत्तर या चार निकायांत तथागतांनी स्वतःविषयी केलेल्या कथनात ही कथा येत नाही, ती बुद्धवंसासारख्या नंतरच्या थरात व अट्ठकथांत येते’ असे लिहिले तर ते विधान लहान दिसते, पण ते हलविता येत नाही.

त्याचप्रमाणे, जरा-व्याधी-मरणाच्या चिंतनाला गृहत्यागात काही स्थानच नव्हते, असे म्हणणे अंगुत्तर निकायाच्या मागे सांगितलेल्या स्थळाच्या विरुद्ध जाते. चिंतन होते, रस्त्यावर प्रथमच वृद्ध दिसल्याचा धक्का मात्र तेथे नाही. हा भेद सूक्ष्म आहे आणि निबंधाची गुणवत्ता अशाच भेदांवर ठरते.

बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात याच धक्क्याच्या कथेवर आक्षेप घेतला आहे. एकोणतीस वर्षांच्या तरुणाला तोपर्यंत वृद्ध, रोगी व प्रेत दिसलेच नव्हते, हे बुद्धीला पटत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे. हा युक्तिवाद तर्काचा आहे; परंतु त्याचा पाया असलेले वय कल्पित नाही. महापरिनिब्बान सुत्तात अखेरच्या रात्री सुभद्राशी बोलताना तथागतांनी स्वतःच आपण एकोणतिसाव्या वर्षी प्रव्रजित झाल्याचे सांगितले आहे. आपल्या विद्यार्थ्याने हा युक्तिवाद मांडताना हे स्थळ सोबत द्यावे. मग तर्क आणि ग्रंथपुरावा एकमेकांच्या आधाराने उभे राहतात.

पुढे बाबासाहेबांच्या निवेदनात सिद्धार्थ आईवडिलांना सांगून, त्यांच्या अश्रूंच्या साक्षीने घर सोडतो. अरियपरियेसन सुत्ताशी हे निवेदन रात्रीच्या पलायनाच्या कथेपेक्षा अधिक जुळते, हे निःसंकोचपणे म्हणता येते. यशोधरेच्या निरोपाच्या संवादाला मात्र निकायांत तसा आधार शोधण्याचा अट्टहास करू नये. तो ग्रंथकाराच्या वाङ्मयीन रचनेचा भाग आहे आणि त्याचे मूल्यमापन वाङ्मय म्हणूनच करावे. त्या रचनेत यशोधरेला कोणते स्थान दिले आहे, ती काय बोलते, कोणता निर्धार व्यक्त करते, हे प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला अधिक फलदायी आहेत.

आणखी एक सावधगिरी. कोसंबींचा ग्रंथ १९४०-४१ चा, बाबासाहेबांचा १९५७ चा. दोघांच्या प्रतिपादनात साम्य आहे. एवढ्यावरून ‘बाबासाहेबांनी हा विचार कोसंबींकडून घेतला’ असे लिहिता येत नाही. साम्य हा साम्याचाच पुरावा असतो. ऋण दाखवायचे असेल तर त्यासाठी उल्लेख, पत्रव्यवहार, शब्दांची जुळणी असा वेगळा पुरावा लागतो. दोन अभ्यासकांनी एकच सुत्त वाचून एकाच निष्कर्षाला यावे, हेही शक्य असते.

५. बाबासाहेबांची संशोधनपद्धती

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक वचनाखाली संदर्भ दिलेले नव्हते. मूळ सुत्तांचा आधार नाही, असा आक्षेप घेणाऱ्यांना त्यामुळे संधी मिळाली. या आक्षेपाला सर्वांत भरीव उत्तर भदन्त आनंद कौसल्यायन यांनी दिले. त्यांनी वादविवाद करीत बसण्याऐवजी ग्रंथाचा हिंदी अनुवाद करताना बाबासाहेबांच्या मजकुराची मूळ स्थाने पाली व इतर बौद्ध वाङ्मयातून शोधून काढली. या परिश्रमामुळे ग्रंथाचा किती मोठा भाग प्राचीन वाङ्मयावर उभा आहे, हे वाचकाला पडताळता येऊ लागले. संदर्भ शोधणे ही रूक्ष कारकुनी नाही, ती धम्मसेवा आहे, याचे याहून चांगले उदाहरण देता येणार नाही.

स्वतः बाबासाहेबांची पद्धतीही विद्यार्थ्यांनी पाहावी. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात त्यांनी महाभारताच्या शांतिपर्वातील पैजवन राजाच्या उल्लेखाला महत्त्व दिले आहे, कारण तेथे पैजवनाला शूद्र म्हटले आहे. एवढे वचन सापडल्यावर एखादा लेखक तेथेच थांबला असता. बाबासाहेबांनी नऊ हस्तलिखितांतील पाठ तपासले आणि ते सर्व एकसारखे नाहीत, ही गोष्ट लपवून न ठेवता वाचकापुढे मांडली. त्यानंतर आपला निष्कर्ष कोणत्या पाठांच्या बळावर काढला, ते सांगितले. आपल्या मताच्या विरुद्ध जाणारा पाठ स्वतःच उघड करणाऱ्या लेखकावर वाचकाचा विश्वास बसतो.

१९४८ सालच्या ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी अनुमानाचा प्रश्न उघडपणे हाताळला आहे. प्रत्यक्ष पुराव्याची साखळी तुटलेली असेल तेथे संशोधकाला कल्पना व अनुमान यांच्या साहाय्याने दुवा सांधण्याचा अधिकार आहे, असे त्यांनी म्हटले आहे. त्याच वेळी आपला सिद्धान्त हा अखेरचा शब्द असल्याचा दावा त्यांनी केलेला नाही. अनुमान करावे, पण ते अनुमान आहे हे सांगून करावे, हा त्यातील धडा आहे.

तथागतांच्या नावावर खपविल्या जाणाऱ्या मतांविषयीही त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात विवेचन केले आहे. तथागत हयात असतानाच त्यांच्या बोलण्याचा विपर्यास झाल्याची पाच उदाहरणे त्यांनी नोंदविली आहेत. अलगद्दूपम, महाकम्मविभंग, कण्णकत्थल, महातण्हासंखय आणि जीवक ही ती सुत्ते होत. विपर्यास होतो हे सांगण्यासाठीसुद्धा त्यांनी सुत्तांचीच नावे दिली, ही बाब लक्षणीय आहे.

६. निबंधात आधाराची मांडणी

पुरावा सापडल्यानंतर तो निबंधात कसा बसवावा? यासाठी पाच पायऱ्या उपयुक्त ठरतात. प्रथम आपले विधान एका वाक्यात लिहावे. दुसऱ्या पायरीत आधाराचे स्थान द्यावे. केवळ ‘त्रिपिटकात म्हटले आहे’ असे न लिहिता निकाय, सुत्त आणि ते वचन कोणी कोणाला उद्देशून उच्चारले, हे सांगावे. बाबासाहेबांच्या ग्रंथात खंड, भाग आणि क्रमांक दिलेली वाक्ये आहेत. तेव्हा तेथील स्थान देणे सोपे आहे. तिसऱ्या पायरीत वचन द्यावे किंवा त्याचा आशय आपल्या शब्दांत सांगावा. आशय सांगताना मूळात नसलेला शब्द घुसडू नये. चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. या वचनातील कोणत्या शब्दामुळे आपले विधान सिद्ध होते, ते उलगडून दाखवावे. अवतरण दिले म्हणजे काम संपले असे नाही. अवतरण स्वतः बोलत नाही, त्याला बोलते करावे लागते. पाचव्या पायरीत विरुद्ध आधार नोंदवून आपल्या विधानाची मर्यादा सांगावी.

नमुन्यादाखल एक परिच्छेद असा लिहिता येईल :

‘सिद्धार्थाच्या गृहत्यागामागे सामाजिक कलहाची जाणीव होती. सुत्तनिपाताच्या अट्ठकवग्गातील अत्तदण्ड सुत्तात तथागत स्वतःच्या संवेगाचे मूळ सांगताना शस्त्रधारण आणि परस्परांशी झगडणारी माणसे यांचा निर्देश करतात. कथन प्रथमपुरुषी आहे आणि भयाची भाषा बोधिपूर्व अवस्थेला अनुरूप आहे. कलह कोणत्या दोन गटांतील होता हे गाथा सांगत नाहीत. रोहिणीचा तंटा अट्ठकथांतून आलेला असून तेथे तो संबोधीनंतरचा मानला आहे. तथापि दुःखाचा उगम व्यक्तीच्या शरीराबरोबरच माणसामाणसांतील संघर्षातही पाहण्याची दृष्टी या गाथांत निश्चितपणे आहे, आणि बाबासाहेबांनी त्याच दृष्टीला आपल्या निवेदनात मध्यवर्ती स्थान दिले आहे.’

या परिच्छेदात मोठा आवाज नाही. पण तो खोडून काढायचा तर प्रतिपक्षाला सुत्तनिपात उघडावे लागेल. आपल्याला हवे आहे ते हेच.

अनुवादाविषयीही दोन शब्द. ‘अत्तदण्ड’ या समासातील ‘अत्त’ हा शब्द संस्कृत ‘आत्त’ म्हणजे घेतलेला, धारण केलेला असा समजला तर शस्त्र उचलण्यातून भय निर्माण होते असा अर्थ होतो. तो ‘आत्म’ असा समजला तर स्वतःच्याच हिंसेतून भय निर्माण होते असा अर्थ होतो. ज्याच्यापुढे एकच अनुवाद आहे, त्याला येथे दोन अर्थ संभवतात याचा पत्ताही लागत नाही. म्हणून निर्णायक शब्द मूळ पालीत पाहावा, निदान दोन अनुवाद ताडून पाहावेत. पांढरकवड्यासारख्या गावात पाली ग्रंथांचे मोठे संग्रहालय नसले तरी आज ही अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदा येथून निघालेली देवनागरी आवृत्ती, इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छापून व संगणकावर उपलब्ध करून दिलेले देवनागरी त्रिपिटक, राहुल सांकृत्यायन यांचा मज्झिम निकायाचा हिंदी अनुवाद आणि कोसंबींचा सुत्तनिपाताचा मराठी अनुवाद ही साधने आपल्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात आहेत. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या सातव्या खंडात शूद्र व अस्पृश्य यांविषयीचे दोन्ही ग्रंथ आणि अकराव्या खंडात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ इंग्रजीतून मिळतो. प्रत्येक विहाराने एवढी सामग्री एका कपाटात ठेवली तरी वर्षावासातील वाचनाला अभ्यासाची जोड मिळेल.

७. हीच शिस्त कवितेच्या अभ्यासात

सुत्तांना लागू पडणारी शिस्त आधुनिक साहित्यालाही लागू पडते. ‘दलित कविता ही केवळ आक्रोशाची कविता आहे’ हे वाक्य कित्येक समीक्षालेखांतून फिरत आलेले आहे. यातील ‘केवळ’ या शब्दाला पुरावा काय? एखाद्या कवीच्या तीन कविता वाचून संपूर्ण प्रवाहाविषयी ‘केवळ’ म्हणता येत नाही. उलट एकच कविता अशी दाखविली की जिच्यात चिंतन आहे, करुणा आहे, भविष्याची आखणी आहे, की हे विधान मोडते.

आपल्या बाजूनेही अशीच घाई होते. यशवंत मनोहर यांच्या १९७७ च्या ‘उत्थानगुंफा’ या संग्रहाचे नाव घेऊन कोणी म्हणेल की गुंफा म्हणजे बौद्ध लेणी, म्हणून हा संग्रह बौद्ध तत्त्वज्ञानाची अभिव्यक्ती आहे. शीर्षकातील ‘गुंफा’ हा शब्द लेण्यांची आठवण जागवतो आणि ‘उत्थान’ हा शब्द उठून उभे राहण्याचा अर्थ देतो, एवढे म्हणण्यास शीर्षक पुरेसे आहे. बौद्ध तत्त्वज्ञानाची अभिव्यक्ती हे विधान सिद्ध करायचे तर संग्रहातील कविता एकेक करून वाचल्या पाहिजेत. कोणत्या ओळीत कोणती प्रतिमा कोणत्या विचाराकडे नेते, हे दाखविले पाहिजे. आणि त्या चौकटीत न बसणाऱ्या कवितांचाही उल्लेख केला पाहिजे. शीर्षक हे दार आहे, घर नव्हे.

८. समारोप

ज्या समाजाला शतकानुशतके ग्रंथापासून दूर ठेवण्यात आले, ज्याच्याविषयी इतरांनी ग्रंथांत काय वाटेल ते लिहिले आणि ‘शास्त्रात असे आहे’ एवढेच सांगून ज्याचे तोंड बंद करण्यात आले, त्या समाजाला पुराव्याचे मोल कोणी शिकविण्याची गरज नाही. ‘कोठे लिहिले आहे ते दाखवा’ हा प्रश्न आपल्या मुक्तीच्या लढ्यातील एक साधन ठरला आहे. तोच प्रश्न इतरांनी आपल्याला विचारला असता आपण रागावून चालणार नाही. आपल्यापाशी उत्तर आहे. ते पोथीपुस्तकांतून काढून नीट मांडण्याचे श्रम मात्र घेतले पाहिजेत.

अलगद्दूपम सुत्तात तथागतांनी सापाचा दृष्टान्त दिला आहे. सापाला शेपटीकडून धरणाऱ्याला तो उलटून चावतो. नीट, मानेशी धरणाऱ्याला तो इजा करू शकत नाही. केवळ दुसऱ्यावर दोषारोप करण्यासाठी आणि वादात जिंकण्यासाठी धम्म शिकणाऱ्याची गत शेपटी धरणाऱ्यासारखी होते, असा त्याचा आशय आहे. ग्रंथवचनांचेही तसेच आहे. वचन चुकीच्या ठिकाणी धरले, त्याच्या शक्तीपेक्षा अधिक ताणले, तर ते प्रतिपक्षाआधी आपल्यालाच दंश करते. नीट धरले तर तेच आपल्या विधानाचे रक्षण करते.

म्हणून येत्या वर्षावासात वाचन चालू असता एखाद्या तरुणाने ‘हे कोठे आहे?’ असे विचारले, तर त्याला गप्प बसवू नये. त्याच्या हाती सुत्तनिपात द्यावे, अट्ठकवग्ग काढून द्यावा आणि पुढच्या रविवारी जे सापडले ते सर्वांसमोर वाचून दाखवावयास सांगावे. आपल्या पुढच्या पिढीतील समीक्षक आणि संशोधक अशाच प्रश्नांतून घडणार आहेत.

भवतु सब्ब मंगलं.